अपडाऊन करणारं कुणी नाही

आमच्याकडे 'अपडाऊन करणे' हे क्रियापद आहे. लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते येतं. पोरगी कुठं नोकरीला? अमक्या गावी. तिथंच राहते का अपडाऊन करते? अपडाऊन म्हटलं की पाहुणे निवांत होतात, कारण मग पोरगी नांदेडात राहणार हे ठरलं. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळे नांदेडात राहतात आणि सकाळी काळ्यापिवळ्या जीपगाड्यांत बसून किनवटच्या रस्त्यानं पांगतात. मी त्यातलीच एक, जिल्हा परिषदेची मास्तरीण.

आता गंमत अशी की सरकारच्या कागदावर यातला एकही माणूस जागचा हलत नाही. नोकरी जिथं, मुक्काम तिथंच, असा नियम. त्याला 'मुख्यालयी राहणे' म्हणतात. दरवर्षी ग्रामसभा ठराव करून देते की आमच्या बाई गावातच राहतात. ठरावावर सही करणारी माणसंच संध्याकाळी मला हाकलतात, "चला मॅडम, काळीपिवळी निघून जाईल तुमची." माझ्या नावावर गावात एक खोली होती. तिच्यात घरमालकाचा कडबा राहायचा. एकदा मी छत्री ठेवायला म्हणून आत शिरले तर घरमालकीण काळजीनं म्हणाली, "बाई, जपून. कुसळं टोचत्यात." स्वतःच्या राहत्या घरात इतका परकेपणा फार कमी लोकांच्या वाट्याला येत असेल.

गावात राहायला मला काही कमीपणा वाटत नव्हता. पण माझी माय नांदेडात होती. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच, भाड्याच्या घरात. त्यात मायचं उजवं अंग गेलं. हात थोडा परत आला, जीभ तर पूर्वीपेक्षा धारदार होऊन आली, पाय मात्र काही केल्या येईना. व्यायाम घेणारे डॉक्टर सांगून गेले, रोज सकाळी घरच्या माणसानं पाऊण तास पाय हलवून घेतला तर बाई काठीवर चालतील. पाऊण तास! काळीपिवळी भरली की निघते, आणि ती उजाडताच भरते. अंधारात उठून मी मायला अंघोळ घालायची, चहा पाजायची, गोळ्या द्यायच्या आणि पळत सुटायचं. "कोंबडं उठायच्या आधी बुचकळून काढती मला," असं ती शेजारणीला सांगायची. दिवसभर ती शेजारीण तिच्याजवळ बसायची, पण तिला माय पायाला हात लावू देत नव्हती. मी एकदा रागावले त्यावरून. तर म्हणते, "पाय माझा हाय. कुणाच्या बी हातात देऊ का?"

धाकटा भाऊ लातूरला. शिकवणीच्या पोरांसाठी मेस चालवतो. तो दर रविवारी फोन करायचा, "ताई, तिला इकडं आणून सोड. तुझी किती ओढाताण!" त्याचं चुकत नव्हतं. वहिनी स्वभावानं चांगली आहे, हेही खरं. पण लातूरचं नाव काढलं की माय तोंड फिरवायची. "तिथं दिवसभर पोळ्याच लाटत्यात. मी काय पोळी हाय?" शेवटी भाऊ म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू, पायात फरक पडला तर राहू दे, नाहीतर मी गाडी घेऊन येतो. म्हणजे मायनं माझ्याजवळ राहायचं का लातूरला जायचं, हे सकाळच्या त्या पाऊण तासावर येऊन ठेपलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की आमच्या मार्गावर शटल गाडी सुरू करायचा प्रस्ताव आहे. रूळ आहेतच. त्यावरून गाड्याही जातात, पण अशा वेळी जातात की त्यांनी शाळेत जायचं तर एक तर मुक्कामाला जावं लागतं नाहीतर शाळा सुटल्यावर पोचावं लागतं. शटल सकाळी नांदेडहून निघणार, संध्याकाळी परत येणार. किती डबे लावायचे आणि किती वाजता सोडायची, एवढंच ठरायचं होतं, आणि ते ठरवायला एक कंपनी येणार होती. मी मनातल्या मनात गाडी साडेआठला सोडूनसुद्धा टाकली. साडेआठ म्हणजे मायचा पाय, वर एक निवांत कप चहा, आणि तरी शाळा वेळेवर.

प्रवासी मोजायला माणसं लागतात. मोजायचं काम निघालं की सरकारला आधी मास्तर आठवतो. माणसं मोजा, मतं मोजा, शौचालयं मोजा, झाडं मोजा. तसा आदेश आला की प्रस्तावित शटलसाठी प्रवासी मोजा. मास्तर प्रगणक, म्हणजे मोजणारे. तलाठी आणि ग्रामसेवक पर्यवेक्षक, म्हणजे मोजणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे.

तालुक्याच्या सभागृहात आमचं प्रशिक्षण झालं. कंपनीचा इंजिनिअर पुण्याकडचा, गोरापान, प्रत्येकीला 'मॅम' म्हणणारा. त्यानं पडद्यावर समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. सगळ्यात गर्दीचा तास शोधायचा. त्या तासात मार्गाच्या सगळ्यात भरलेल्या टप्प्यात किती माणसं असतात ते मोजायचं. त्याला एका डब्यात मावणाऱ्या माणसांनी भागायचं, की डबे निघाले. गर्दी ज्या वेळी, गाडीही त्याच वेळी. मी गणित शिकवते. म्हटलं, चला, भागाकार आहे, चौथीच्या पोरालाही येईल.

पण भाजकावरच गाडी अडली. एका बाकावर किती माणसं धरायची? तो म्हणाला, तीन. सभागृहात एकच हशा. पाठीमागून एक मास्तर उठले, "साहेब, तीन म्हंजे बाकडं रिकामंच की." एक बाई म्हणाल्या, पाच धरा, आणि लेकरं वेगळी. दुसऱ्या म्हणाल्या, लेकरं धरूच नका, ती मांडीवर. इंजिनिअरनं विचारलं, "पण मग बाक भरला असं तुम्ही नेमकं कधी म्हणता?" आमच्याकडे बाक भरत नाही. 'सरका की जरा' म्हणणारा नवा माणूस येतो आणि आधीचे सरकतात. त्या बिचाऱ्यानं 'सरका की जरा' हे पडद्यावर लिहून घेतलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. मला तो तिथं आवडला.

मोजणीचा दिवस उजाडला. माझी नेमणूक नांदेडच्या नाक्यावर, जिथून आमच्या काळीपिवळ्या सुटतात तिथंच. मी मायचं आवरून, डोक्यावर कंपनीची पांढरी टोपी घालून, हातात पॅड धरून उभी राहिले. शेजारी आमच्या शाळेचे दुसरे सर टोपी घालून उभे. पलीकडच्या केंद्रातल्या तिघी उभ्या. चहाच्या गाड्याजवळ दोन तलाठी आणि चार ग्रामसेवक आमच्यावर लक्ष ठेवून उभे. आणि समोर काळीपिवळ्यांची रांग, सगळ्या रिकाम्या.

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला, खरं सांगते. रोज त्या गाड्यांत कोंबून घेणारे आम्हीच की! आम्ही सगळे खाली टोप्या घालून उभे, मग वर बसणार कोण? पहिली काळीपिवळी दोन म्हातारे, एक बकरी आणि अर्धापूरच्या केळ्यांचे चार घड घेऊन निघाली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून बोंब मारली, "ओ मॅडम, काय करून राहिलात तिथं? बसा की! तुम्ही मोजाल अन् बसंल कोण, तुमचा फुफा?" मी पॅडवर लिहिलं, प्रवासी दोन. बकरीसाठी रकाना नव्हता.

इंजिनिअर नाक्यावर आला तेव्हा मी त्याला गाठलं. म्हटलं, "अहो, ही मोजणी खोटी आहे. रोजचे प्रवासी आम्हीच आहोत, आणि आम्हाला तुम्ही खाली उभं केलंय." त्यानं आदरानं ऐकून घेतलं. म्हणाला, "मॅम, प्रगणक स्वतःला मोजत नाही, तसा नियम आहे. पण प्रवाशांच्या मुलाखतीही तुम्हीच घेणार आहात, त्यात कळेलच ना. लोक सांगतीलच, आम्ही रोज जातो म्हणून."

लोक सांगतील! डोंबल सांगतील! मुलाखतीच्या कागदावर पहिला रकाना नाव, दुसरा कार्यालय, आणि मग प्रश्न, 'आपण या मार्गावर रोज प्रवास करता का?' कागद जाणार तहसिलीत. म्हणजे सरकारी माणसानं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं की मी मुख्यालयी राहत नाही, गावात राहण्याचा घरभाडेभत्ता खातो आणि ग्रामसभेचा ठराव खोटा आहे. कोण देईल? मी पहिलीच मुलाखत घेतली ती आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरची. किती वर्षं ती माझ्या शेजारी बसून येते. तिचं कोपर माझ्या बरगडीत कुठं टेकतं हे मला पाठ आहे. माझ्या मायला सलाईन लावायला ती सुटीच्या दिवशी घरी आली होती. मी विचारलं, "आपण या मार्गावर रोज प्रवास करता का?"

ती माझ्याकडं न बघता पॅडकडं बघून म्हणाली, "नाही. मी मुख्यालयी राहते. आज कामानं आले होते."

"अगं बाई, काल माझ्या मांडीवर बसून आलीस की तू!"

"ते नको लिहू ना गं."

नाही लिहिलं. तिचा नवरा घरी बसून आहे, दोन पोरं शाळेत आहेत, तिच्या एकटीच्या पगारावर घर आहे. मला ठाऊक होतं सगळं. त्यानंतर जो आला तो 'आज कामानं आलो होतो.' तलाठी कामानं आले होते. वनरक्षक कामानं आले होते. किनवटकडच्या आश्रमशाळेचे गुरुजी म्हणाले, मी तर वर्षातून दोनदा नांदेडला येतो, दवाखान्यासाठी. त्यांच्या हातात त्या वेळी ताज्या भाजीची पिशवी आणि बायकोनं बांधून दिलेला डबा होता. रोज जातो असं खरं सांगणारी माणसं भेटली ती फक्त दुपारची, बाजाराला आणि दवाखान्यात येणारी. त्यांना कुणाची भीती?

थोड्या दिवसांनी इंजिनिअरनं आकडे मांडले. सकाळी गर्दी नाहीच, गर्दी दुपारी. डबे दोन पुरे. गाडी नांदेडहून बाराला सोडावी. भागाकार अगदी बरोबर होता, त्यात मला एकही चूक काढता आली नाही. तालुक्याला जनसुनावणी ठेवली, कुणाची हरकत असेल तर तिथं मांडायची होती.

मी घरी येऊन आदळआपट केली. भांडी आपटली, दार आपटलं. माय खाटेवरून म्हणाली, "भगुन्याचं काय चुकलं? जिथं बोलायचं तिथं बोल की."

"बोलले तर नोकरीवर येईल, माय."

"अन् न्हाई बोललीस तर?"

तर दिवाळीला भाऊ गाडी घेऊन येणार. हे दोघींनाही माहीत होतं. मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि हलवत बसले. संध्याकाळी तो पाय लाकूड होऊन जायचा, डॉक्टरांनी सकाळचीच वेळ का सांगितली ते तेव्हा कळायचं.

सुनावणीला सभागृह भरलेलं. आमची रोजची सगळी मंडळी आलेली, तीन काळीपिवळ्या भरतील एवढी माणसं. व्यासपीठावर मोठे अधिकारी, त्यांच्या शेजारी आमच्या खात्याचे साहेब. ते साहेबही नांदेडातच राहतात, फक्त ते स्वतःच्या गाडीनं अपडाऊन करतात. इंजिनिअरनं आकडे वाचले. सकाळची गाडी अनावश्यक, बाराची गाडी योग्य. "कुणाची हरकत?"

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळे मूग गिळून बसलेले. सिस्टर ओढणीचं टोक पिळत होती. आमचे सर भिंतीवरचं घड्याळ वाचत होते, जणू ते पहिल्यांदाच बघून राहिले होते. मला असा राग आला! आणि त्या रागातच मी उभी राहिले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"माझी हरकत आहे. मी अपडाऊन करते. रोज करते. सकाळच्या गाडीची मला गरज आहे, माझी आई आजारी आहे."

मला वाटलं होतं, एक उठली की दुसरी उठेल. दुसरी उठली की सगळ्याच उठतील. एवढ्या सगळ्यांवर कोण कारवाई करणार? इतकी साधी बेरीज होती माझी. इंजिनिअरचा चेहरा तर एकदम फुलला. तो उत्साहानं म्हणाला, "छान मॅम! आणखी कोण?"

कुणी नाही. मागून कुणीतरी खोकलं. सिस्टरनं माझा पदर धरून खाली ओढला, हळूच, आणि ओढताना रडायला लागली. साहेब माइकवर म्हणाले, "मॅडम भावनेच्या भरात बोलल्या. बसा मॅडम." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तर त्यात विनवणी ऐकू आली.

पण इतिवृत्त लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं होतं, आणि कंपनीची माणसं प्रामाणिक होती. अंतिम अहवालात सकाळच्या वेळेपुढं छापून आलं, 'नियमित प्रवासी : एक (महिला).' एका महिलेसाठी गाडी सोडता येत नाही, हे मलाही मान्य आहे. अहवालाची एक प्रत आमच्या खात्याला गेली. खात्यानं मला कारणे दाखवा नोटीस दिली की, आपण मुख्यालयी राहत नसल्याचे आपणच जाहीररीत्या कबूल केले आहे, तरी तात्काळ मुख्यालयी राहावे. ग्रामसभेनं माझ्या बाजूनं पुन्हा एकदा एकमतानं ठराव केला, मी गावातच राहते म्हणून. भली माणसं! पण या वेळी साहेब खोली बघायला स्वतः आले, आणि खोलीत कडबा होता.

कडबा बाहेर निघाला, मी आत गेले. घरमालकिणीनं दोन दिवस सारवून, झाडून दिलं. मायला तिथं आणायचं म्हटलं तर ना व्यायामाचे डॉक्टर, ना औषधाचं दुकान, ना शाळेच्या वेळात तिच्याजवळ बसणारं कुणी. भाऊ दिवाळीची वाट न बघताच आला. मायनं वाद घातला नाही, याचंच मला जास्त भ्या वाटलं. दोघांनी उचलून तिला गाडीत ठेवलं. तिनं खिडकीची काच खाली करायला लावली आणि मला म्हणाली, "तू बोललीस ते बेस केलंस. बाकीचे मुके निघाले, त्याला तू काय करणार?" मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं रडले. भाऊ म्हणाला, ताई, लोक बघतायत. बघू देत म्हटलं.

बाराची शटल सुरू झाली. आमच्या शाळेच्या मागून रूळ जातात. पोरं धावत जाऊन हात हलवतात. दोन डबे, त्यात बाजारची माणसं, ऐसपैस, बाकावर तीन-तीन. काळीपिवळ्या आधीसारख्याच उजाडताना नांदेडहून कोंबून निघतात. सिस्टर उतरली की आधी माझ्या खोलीवर येते, नांदेडहून भाजी आणते, चहा पिते आणि कधीकधी उगीच माझी भांडी घासून ठेवते. माझा राग तिच्यावर टिकत नाही. साहेबांवर टिकतो, पण तेही परवा येऊन गेले आणि 'तुम्ही आता आदर्श आहात' म्हणाले. चहा न देता मी त्यांना वाटेला लावलं.

लातूरला वहिनी रोज सकाळी मायचा पाय हलवून घेते. पोळ्यांच्या बायका यायच्या आधी, पाऊण तास. माय तिला पाय हातात देते, हे मला भावानं सांगितलं तेव्हा बरं वाटलं आणि वहिनीचा हेवासुद्धा वाटला. गेल्या रविवारी मायनंच फोन लावायला लावला. आवाज केवढा खणखणीत!

"चालून राहिले मी. काठीवर. दारापस्तोर गेले."

"खरं माय?"

"खोटं कायला बोलू? अन् तुमची ती गाडी सुरू झाली म्हणं?"

"हाव. झाली."

"मग आता मला घरी ने."

पलीकडे पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता. मी "हाव माय, नेते" म्हणाले. तिला लातूरला नेलं त्याच महिन्यात मी नांदेडचं घर रिकामं करून दिलं, हे आम्ही दोघा बहीणभावांनी तिला अजून सांगितलेलं नाही.